रोपलेला दात आणि सभोवतीची हिरडी
दंतरोपणाचे दीर्घकालीन परिणाम व घ्यावयाची दक्षता

नैसर्गिक दात गेला की त्याच्या जागी कृत्रिम दात बसविण्याचे तीन मार्ग आज दंतवैद्यकास उपलब्ध आहेत. पहिला मार्ग काढता-घालता येणाऱ्या कवळीचा. दुसरा, शेजारच्या दातांचा आधार घेऊन बांधलेल्या पुलाचा, म्हणजेच ब्रिजचा. तिसरा मार्ग जबड्याच्या हाडात धातूचे मूळ रोवून त्यावर दात उभारण्याचा होय. या तिसऱ्या पद्धतीस दंतरोपण असे म्हणतात. व्यवहारात ती ‘इम्प्लांट’ याच नावाने अधिक परिचित आहे. एके काळी महानगरांपुरती मर्यादित असलेली ही उपचारपद्धती आता लहान शहरांतील खाजगी दवाखान्यांतही उपलब्ध झाली आहे. ‘कायमचा दात’ अशा शब्दांत तिचे वर्णन करण्यात येते. हे वर्णन कितपत यथार्थ आहे, याचा विचार प्रत्येक रुग्णाने उपचारापूर्वीच करणे इष्ट ठरते.

दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा परिसरात वसलेल्या रांधा या गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हा प्रदेश महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यास लागून असून सीमेच्या दोन्ही बाजूंस वारली, कोकणा, धोडिया व काथोडी समाजाची वस्ती आहे. १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झालेल्या या भागात पुढे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. भातशेतीच्या जोडीला कारखान्यातील पगार घरात येऊ लागला आणि पूर्वी आवाक्याबाहेर वाटणारे उपचार विचाराच्या कक्षेत आले. अशा कुटुंबातील एखादा कामगार वर्षभराची शिल्लक मोडून दाढेच्या जागी रोपण करून घेतो, तेव्हा त्याने केवळ एक दात विकत घेतलेला नसतो. पुढील अनेक वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही त्याने पत्करलेली असते. दुर्दैवाने ही दुसरी बाजू त्यास पुष्कळदा कोणी समजावून सांगितलेली नसते.

हाड आणि धातू यांची जुळणी

दंतरोपणाच्या आधुनिक शास्त्राचा पाया स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी घातला. हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करण्यासाठी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी सशांच्या हाडात टायटॅनियम धातूची लहान उपकरणे बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू जाता निघेनात. हाडाने धातूस परके न मानता आपल्या अंगाशी घट्ट धरून ठेवले होते. या आकस्मिक निरीक्षणातून हाड आणि टायटॅनियम यांच्या सांध्याचे तत्त्व पुढे आले.

१९६५ साली गोटेबोर्ग येथे ब्रानेमार्क यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली. लार्सन यांचे निधन २००६ साली झाले. तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ती मुळे त्यांच्या उपयोगी पडत होती. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे झालेल्या परिषदेनंतर या पद्धतीस जगभर मान्यता मिळाली.

रोपणाचे साधारणपणे तीन भाग असतात. हाडात बसणारा मळसूत्री खिळा हा पहिला भाग होय. हिरडीतून वर येणारा जोडखांब हा दुसरा, तर दृश्य दात, अर्थात कॅप, हा तिसरा. पहिला भाग हाडात, तिसरा उघड्या तोंडात आणि मधला या दोहोंच्या सीमेवर असतो. या सीमेचे रक्षण करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हिरडी.

टिकणे आणि निरोगी असणे

दंतरोपणे दीर्घकाळ टिकतात, यात शंका नाही. अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार दहा वर्षांनंतरही सुमारे ९६ टक्के रोपणे तोंडात कायम होती. हा आकडा उत्साहवर्धक आहे. तथापि, तो केवळ रोपण तोंडात आहे की नाही एवढेच सांगतो. सभोवतीची हिरडी व हाड कोणत्या अवस्थेत आहेत, हे सांगत नाही. विहीर आहे, एवढ्यावरून तिला पाणी आहे असे ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

स्वीडनमध्ये ५८८ रुग्णांची रोपणानंतर नऊ वर्षांनी तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. हिरडीतून रक्त वा पू येणे आणि त्याबरोबर हाडाची झीज होणे, अशी दुहेरी लक्षणे ४५ टक्के रुग्णांत कमी-अधिक प्रमाणात आढळली. मध्यम ते तीव्र स्वरूपाचा विकार १४.५ टक्के रुग्णांत होता. दंतसेवा सर्वदूर पोहोचलेल्या देशातील हे आकडे आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रोपणानंतर पहिल्या वर्षात हाडाची किंचित घट होणे स्वाभाविक मानले जाते. ते विकाराचे लक्षण नव्हे. त्यानंतरची घट वर्षास ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी, असा निकष तज्ज्ञांनी १९८६ साली सुचविला होता. या मर्यादेपलीकडे आणि सातत्याने होणारी झीज मात्र चिंतेची बाब ठरते.

हिरडीची बाजू कोठे दुबळी पडते?

रोपणास कीड लागत नाही, कारण धातू किडत नाही. यावरून त्यास काहीच होत नाही, असा समज रूढ झाला आहे. हा समज चुकीचा आहे. रोपण किडत नसले, तरी त्यास धरून ठेवणारी हिरडी व हाड हे सजीव घटक आहेत आणि ते आजारी पडू शकतात.

नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक थर असतो. या थरातून हिरडीच्या काठास रक्तपुरवठा होतो. शिवाय हिरडीतील तंतू दाताच्या मुळाच्या आवरणात आडवे शिरून घट्ट रोवलेले असतात, आणि त्यामुळे जंतूंच्या वाटेत जणू कुंपण उभे राहते. रोपणाभोवती अशी रचना नसते. तेथे तंतू धातूच्या पृष्ठभागास समांतर जातात. ते धातूत शिरू शकत नाहीत. मधला थर नसल्यामुळे रक्तपुरवठाही तुलनेने कमी असतो.

भाताच्या खाचरातील बांधाशी या हिरडीची तुलना करता येईल. बांध भक्कम असेल तर खाचरातील पाणी टिकते. त्यास खेकड्याने भोक पाडले तर प्रारंभी पाणी थेंबथेंब झिरपते आणि पुढे बांधच खचतो. रोपणाभोवतीचा बांध मुळात नैसर्गिक दाताच्या बांधाइतका भक्कम नसतो. म्हणून त्याची राखण अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

दाहाच्या दोन अवस्था

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे जगभरच्या हिरडीतज्ज्ञांची परिषद भरली होती. रोपणाभोवतीच्या विकारांच्या व्याख्या तेथे निश्चित करण्यात आल्या. त्यानुसार या विकाराच्या दोन अवस्था मानल्या जातात.

पहिल्या अवस्थेत दाह केवळ हिरडीपुरता मर्यादित असतो. हिरडी लालसर होते, किंचित सुजते आणि बोथट सळईने हलकेच तपासली असता तिच्यातून रक्त येते. हाड अद्याप शाबूत असते. रोपणावर साचणारा जंतूंचा चिकट थर हे याचे प्रमुख कारण होय. स्वेच्छेने तयार झालेल्या व्यक्तींनी तीन आठवडे रोपणाभोवतीची स्वच्छता थांबविली असता असा दाह उत्पन्न होतो आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर तो ओसरतो, असे प्रयोगांती दिसून आले आहे. मात्र ओसरण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागू शकतो. ही अवस्था परतवून लावता येण्याजोगी आहे, हे तिचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

दुसऱ्या अवस्थेत दाह हिरडी ओलांडून हाडापर्यंत पोहोचतो. हिरडी व रोपण यांच्यामधील फट खोल होत जाते, कधी पू येतो आणि क्ष-किरण छायाचित्रात रोपणाभोवती हाड झिजल्याचे स्पष्ट दिसते. योग्य उपचार न झाल्यास ही झीज कालांतराने वेग घेते, असे आढळून आले आहे. गेलेले हाड आपोआप परत येत नाही.

येथे रुग्णाची फसगत होण्याचा संभव फार असतो. दोन्ही अवस्थांत बहुधा वेदना होत नाहीत. रोपण हलतही नाही, कारण खालच्या भागात ते अजून हाडास घट्ट धरून असते. रोपण हलू लागते तेव्हा आधार देणारे हाड बहुतांशी संपलेले असते आणि ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून वेदनेची वाट पाहणे हा या विकारात सर्वांत महाग पडणारा विलंब होय.

जोखीम कोणास अधिक?

पूर्वी हिरड्यांच्या गंभीर विकारामुळे दात गमावलेल्या व्यक्तींना रोपणाभोवतीच्या विकाराचा धोका अधिक असतो. ज्या जंतूंनी व ज्या सवयींनी मूळचे दात घालविले, त्या तोंडात तशाच राहिल्या तर नव्या दातासही त्यांचा उपसर्ग पोहोचतो. यास्तव उरलेल्या दातांच्या हिरड्यांवर आधी उपचार करून घेणे आणि रोपणाचा विचार त्यानंतर करणे, हा क्रम पाळला गेला पाहिजे.

तोंडाची अपुरी स्वच्छता आणि रोपणानंतर नियमित तपासणी न होणे, ही जोखमीची आणखी दोन प्रमुख कारणे होत. कॅप बसविताना वापरलेले सिमेंट हिरडीखाली शिल्लक राहिल्यास तेही दाहास कारणीभूत ठरते. कॅपचा आकार असा असावा की, तिच्या खालच्या कडेपर्यंत ब्रश पोहोचेल. दिसण्यास सुंदर परंतु स्वच्छ करता न येणारा दात अल्पायुषी ठरण्याची शक्यता असते.

तंबाखूचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे करावयास हवा. ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी केली होती आणि तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीचा विषय मुखाचा कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था हा होता. तंबाखू तोंडात काय करते, याकडे महाराष्ट्राच्या खेड्यांतून लक्ष वेधणाऱ्या प्रारंभीच्या मोठ्या पाहण्यांपैकी ती एक होय. दंतरोपणाच्या बाबतीत विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये रोपण अयशस्वी होण्याचे प्रमाण अधिक आढळते. त्यातही घातक गोष्ट अशी की, निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. म्हणजे आजार वाढत असतो आणि त्याची पहिली सूचना मात्र दडपली जाते. मशेरीने दात स्वच्छ होतात हा समजही सोडून देणे आवश्यक आहे. ती हिरडीस अपाय करते.

मधुमेही व्यक्तींनी रोपणापूर्वी रक्तातील साखर नियंत्रणात आणावी. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे चालू असल्यास, अथवा जबड्यास किरणोपचार झाले असल्यास, ती माहिती दंतवैद्यास आधीच द्यावी.

देखभालीचे मोल

देखभालीने प्रत्यक्षात किती फरक पडतो, याचे उत्तर ब्राझीलमधील एका पाहणीने दिले आहे. रोपणाभोवतीच्या हिरडीस दाह असलेल्या ८० रुग्णांची पाच वर्षांनंतर पुन्हा तपासणी करण्यात आली. या काळात ज्यांनी नियमित देखभाल करून घेतली, त्यांच्यापैकी १८ टक्के रुग्णांत विकार हाडापर्यंत पोहोचला होता. ज्यांनी देखभाल करून घेतली नाही, त्यांच्यात हेच प्रमाण ४३.९ टक्के होते. दोन्ही गटांचा प्रारंभ एकाच अवस्थेपासून झाला होता. फरक पडला तो नंतरच्या काळजीमुळे.

नियमित तपासणीत दंतवैद्य हिरडीची फट मोजतात, रक्त वा पू येतो का ते पाहतात, साचलेला थर व कीटण काढतात आणि गरजेनुसार क्ष-किरण छायाचित्र घेतात. कॅप बसविल्यावर लगेच एक व वर्षभराने एक, अशी दोन छायाचित्रे जपून ठेवल्यास पुढील प्रत्येक तपासणीस तुलनेसाठी आधार मिळतो. तपासण्यांमधील अंतर रुग्णाच्या जोखमीनुसार ठरते; तीन-चार महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ते असू शकते.

विकार पहिल्या अवस्थेत असल्यास व्यावसायिक स्वच्छता व घरची काळजी यांनी तो आटोक्यात येतो. दुसऱ्या अवस्थेत प्रथम हिरडीखालची सफाई करण्यात येते. तिने भागले नाही तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते आणि काही रुग्णांत हाडाची भर घालावी लागते. हे उपचार खर्चिक असतात व त्यानंतरही विकार उलटण्याची शक्यता राहते. केवळ प्रतिजैविक गोळ्या घेऊन हा विकार बरा होत नाही.

रोपणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

रांध्यासारख्या गावातील रुग्णापुढे खरी अडचण उपचाराच्या खर्चाहूनही नंतरच्या फेऱ्यांची असते. सिल्वासास वा वापीस जावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. दाढ दुखत नसताना त्यासाठी रजा कोण घेणार, असा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. परप्रांतातून आलेल्या कामगाराचा कारखाना बदलला की त्याचे गावही बदलते आणि रोपण करणारा दवाखाना शेकडो मैल मागे राहतो. म्हणून रोपणाचा निर्णय घेण्यापूर्वीच पुढील गोष्टींची स्पष्टता करून घ्यावी.

वर्षातून निदान एकदा-दोनदा तपासणीस येणे शक्य आहे काय? देखभालीचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरलेला आहे की वेगळा? रोपण कोणत्या कंपनीचे व कोणत्या मापाचे आहे, याची लेखी नोंद मिळेल काय? निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग एकमेकांस बसतीलच असे नाही. त्यामुळे दुसऱ्या गावच्या दंतवैद्यास ही नोंद अत्यंत उपयुक्त ठरते. रोपणाच्या वेष्टनावरील चिकटपट्टी मागून घेऊन ती आपल्या कागदपत्रांत लावून ठेवण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही.

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर ब्रिज अथवा कवळीचा पर्याय स्वीकारण्यात कमीपणा नाही. नीट बसलेली व रोज धुतली जाणारी कवळी ही दुर्लक्षित रोपणापेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय. आणि शक्य तेथे मूळचा दातच वाचविणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत टिकाऊ उपाय आहे. हलणारा प्रत्येक दात काढण्याजोगा नसतो. हिरडीवरील वेळीच उपचारांनी असे अनेक दात वर्षानुवर्षे कामी येतात. सिल्वासा येथील शासकीय रुग्णालयात, तसेच मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय व महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय यांसारख्या संस्थांत तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. रोपण केलेल्या दातासभोवती मऊ ब्रशने दिवसातून दोनदा स्वच्छता करावी. हिरडी व कॅप यांच्या सांध्यावर विशेष लक्ष द्यावे.

२. दोन दातांमधील जागेसाठी मिळणारा बारीक ब्रश दररोज वापरावा. त्याचे योग्य माप दंतवैद्याकडून ठरवून घ्यावे.

३. घासताना रक्त आल्यास ती जागा घासण्याचे टाळू नये. रक्त येणे ही स्वच्छता कमी पडत असल्याची सूचना होय. आठ-दहा दिवसांत रक्त न थांबल्यास दंतवैद्याकडे जावे.

४. सूज, पू, तोंडास दुर्गंधी किंवा रोपण पूर्वीपेक्षा लांब दिसू लागणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास वेदना नसली तरी तपासणी करून घ्यावी.

५. विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा व मशेरी पूर्णतः वर्ज्य करावीत.

६. कॅप हलू लागल्यास ती स्वतः चिकटविण्याचा प्रयत्न करू नये. पुष्कळदा आतील स्क्रू सैल झालेला असतो आणि तो वेळीच आवळल्यास मोठी हानी टळते.

गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्यांना या कामी मोलाचे साहाय्य करता येईल. रक्तदाब वा मधुमेहाच्या तपासणीसाठी घरोघरी जाताना ‘हिरडीतून रक्त येते काय?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी दुखत नसलेला आजार वेळीच उघडकीस येऊ शकेल. ज्यांच्या तोंडात रोपण आहे, त्यांस शेवटच्या तपासणीची तारीख विचारावी.

दंतरोपण ही आधुनिक वैद्यकाची मोठी देणगी आहे. चाळीस वर्षे सेवा देणारी रोपणे जगाने पाहिली आहेत आणि काही वर्षांतच काढावी लागलेली रोपणेही पाहिली आहेत. धातू दोहोंत तोच होता. लावणी झाली म्हणून शेतकरी घरी बसत नाही. पीक हाती येईपर्यंत बांधावरची त्याची फेरी चुकत नाही. रोपलेल्या दाताची राखणही अशीच नित्याची आहे, आणि ती हिरडीच्या काठापासून सुरू होते.